लाव तुजा फोन

आधी काउंटरवर फोन आदळायचा, मग चप्पल काढायची, मग म्हणायचं, "लाव तुजा फोन. बगू वाजतो का." सीमेवर लढाई पेटली तेव्हापासून हा त्या म्हाताऱ्याचा रोजचा क्रम. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच. नसेल तर सुखी आहात.

पनवेलच्या बाजारात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. हा शिरढोणहून एसटीनं यायचा. बायको गेलेली, घरात एकटा. मुलगा हवाई दलात, विमानांना दारूगोळा लावणारा. दुकानात चहा पीत बसलेल्या सेनापतींपैकी कुणीतरी विचारायचं, "काका, पोरगा विमान उडवतो ना?"

"उडवीत नाय. पन त्यानं भरल्याबिगर वरचा काय टाकनार, कपाल?"

मग मी माझ्या फोनवरून रिंग द्यायचो. वाजायची. तेवढ्यानं हा उठेल तर शपथ.

"मंग पोराचा का येत नाय? त्याचा मोबाईल जमा केलाय सायबानी. हापिसातनं करीन बोलला व्हता. माजा एकच नंबर त्याला पाठ हाय."

"अहो, तो लढाईत आहे, तुमच्याशी गप्पा मारायला बसलाय का? फोन ठणठणीत आहे. डोकं नका खाऊ."

नऊ दिवस हेच ऐकवलं. तो गेला की त्याची नक्कल करायचो. छान जमायची, सगळे हसायचे.

दहाव्या दिवशी माझाच फोन दुरुस्तीला उघडून ठेवला होता. एका गिऱ्हाइकाच्या फोनवरून रिंग दिली. म्हाताऱ्याचा फोन गप्प. पुन्हा लावला. गप्प.

तेव्हा मला आठवलं. जमिनीचे दलाल फोन करून छळतात म्हणून तो महिन्यापूर्वी आला होता. मी ऐटीत सगळे अनोळखी नंबर बंद करून टाकले होते. माझा नंबर त्यात साठवलेला, म्हणून तो तेवढा वाजायचा. वा रे कारागीर!

अडवलेल्या फोनांची यादी उघडली. परगावचा एकच नंबर, रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला. नऊ दिवस.

"काका, चूक माझी," मी म्हणालो. मान वर होईना.

"मंजी पोरगा रोज करीत व्हता?" त्याचा चेहरा असा फुलला की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

मी नंबर खुले करून दिले. सातपर्यंत तो स्टुलावरून हलला नाही. फोन वाजला. पलीकडचा आवाज दुकानभर ऐकू आला, "बाबा! हाव ना तुमी? मना वाटला तुमालाच कायतरी झाला!"

"मना काय व्हतंय? तू जेवलास का?"

बोलणं संपलं. त्यानं चप्पल घातली, फोन खिशात टाकला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"नऊ दिस पोरानं तितं बाप मेला समजून काम केलान."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

लढाई थांबली. मुलगा सुखरूप आहे, असं ऐकतो. म्हातारा आता समोरच्या दुकानात जातो. मी अधूनमधून त्याला फोन लावून बघतो. वाजतो. तो उचलत नाही.