गोजराबाईंच्या मळ्यातली उंदरांची पंगत

उंदरांवर संशोधन करायला यशश्रीने एकलहऱ्याच्या मळ्यात पाऊल टाकलं आणि टोमॅटोच्या ओळींमागून अशी डरकाळी उठली, की बगळे उडाले, शेजारची म्हैस आटली आणि वीज केंद्राच्या चिमणीतला धूर क्षणभर परत आत गेला.

"विष टाकायला आलीस का गं, भवाने?"

पाठोपाठ खुरप्यासह साडेचार फुटी गोजराबाई प्रकटल्या. उंदीर म्हणजे गणपतीचं वाहन, त्याला विष घालायचं नाही. शिव्या मात्र अशा घालायच्या, की वाहनावरचा स्वारही कानांवर हात ठेवून उतरावा.

"विष नाही, मावशी. हार्मोनचं औषध आहे. नर जगतात, खातात-पितात, फक्त बाप होत नाहीत."

गोजराबाईंनी बांधावर बिडी ओढणाऱ्या नवऱ्याकडे, गोटीरामकडे, निरखून पाहिलं.

"सात पोरं झाल्यावर आलीस व्हय? आधी कुठं मेली होतीस?"

परवानगी मिळाली. अलीकडच्या मळ्यात औषधाच्या गोळ्या; ओढ्यापलीकडच्या मळ्यात दिसायला तशाच, पण बिनऔषधी. तीन महिन्यांनी दोन्हीकडचे नर पकडून शुक्राणू मोजायचे. फरक दिसला तरच यशश्रीची पीएचडी. ही आखणी तिच्या सरांची. त्यांनी मळा फोटोत पाहिला होता आणि तेवढ्यानेही त्यांना शिंका आल्या होत्या. रोज गोळ्या ठेवायचं काम गोजराबाईंनी हट्टाने मागून घेतलं. यशश्रीला हायसं वाटलं. रोज कोण येणार उन्हातान्हाचं!

मोजणीचा दिवस आला. अलीकडच्या नरांचे वृषण आकसलेले, शुक्राणू नावापुरते. यशश्री फक्त नाचायची राहिली. मग तिने पलीकडचे नर तपासले. तेही तसेच निघाले.

ती धावतच मळ्यात आली. "मावशी, पलीकडे कोणत्या गोळ्या ठेवत होतात?"

"त्याच की. दोन्ही पिशव्या घमेल्यात कालवल्या अन् सारख्या वाढल्या."

"अहो, पण का?"

"एकाच्या पानात औषध अन् दुसऱ्याच्या पानात नुसतं पीठ? असला पंक्तिप्रपंच आमच्या घरात नाय चालत. अन् ह्यांचा वंश बुडवायचा, ओढ्यापल्याडच्यांचा वाढवायचा? उंदरांत भाऊबंदकी लावतीस?"

गोटीरामने बिडी विझवली. "बरोबर हाय तिचं," तो म्हणाला. सात पोरांत तो दुसरं वाक्य शिकलाच नव्हता.

त्या हंगामात टोमॅटो भरपूर निघाले. यशश्रीची फेलोशिप मार्चमध्ये संपली आणि प्रबंध राहिला. सध्या ती मनमाडच्या एका शाळेत सातवीला विज्ञान शिकवते.