निळी दोरी, पिवळी दोरी

आमच्या कारखान्यातले किस्से लेथखालच्या लोखंडाच्या किसासारखे आहेत. संध्याकाळी झाडून काढावेत, तर सकाळी पुन्हा तेवढेच! मी मूळचा सांगलीचा. चेन्नईत गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात एचआर बघतो. म्हणजे कोणाच्या गळ्यात कुठल्या रंगाची दोरी, ते मी सांगायचं. पर्मनंटला निळी, कॉन्ट्रॅक्टवाल्यांना पिवळी, ट्रेनीला हिरवी. कन्सल्टंटला पांढरी, पण ती घालणारा एकच माणूस आहे आणि पहिला किस्सा त्याचाच.

*

माधवराव तंजावरचे. घरात अजून पूर्वजांनी नेलेली मराठी बोलतात. रिटायर झाले तेव्हा आम्ही शाल दिली, नारळ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं. भाषणं झाली, दोघंतिघं रडलेसुद्धा. सोमवारी सकाळी बघतो तर माधवराव आपल्या जुन्या केबिनमध्ये स्टुलावर चढून तेच घड्याळ टांगतायत! मालकांनी शनिवारीच फोन करून त्यांना कन्सल्टंट म्हणून परत बोलावलं होतं.

दोन वर्षांनी तो करार संपला. पुन्हा निरोप, पुन्हा शाल, पुन्हा सोमवारी हजर. आता कोणी तिसऱ्या निरोपाचा विषय काढला की म्हणतात, "शाल नको. पंखा द्या. केबिनींत भारी उकडतें!"

*

दिनेश आमच्याकडे ट्रेनी होता. सुपरवायझरच्या बोलण्याला कंटाळला आणि एक दिवस हिरवी दोरी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "सार, मला बॉस नको. मी माझा मालक!" आता मोटरसायकलवरून जेवण पोचवतो आणि रोज दुपारी आमच्याच गेटवर येतो.

परवा मी त्याला थांबवून चहा दिला. म्हटलं, "काय मालक, बरं चाललंय ना?" खूश होऊन सांगायला लागला, कोणाचं ऐकायचं नाही, वाटेल तेव्हा सुट्टी... तेवढ्यात खिशातला फोन टिंगटिंगला. चहा अर्धा ठेवून किक मारली पठ्ठ्याने आणि ओरडला, "बॉस बोलावतोय!"

*

माझी बायको सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, म्हणजे आमच्या डायनिंग टेबलावर आहे. लॅपटॉप रविवारीही उघडाच. घरकामाला येणारी अमुदा चार घरं करते, पण रविवारी तिला कोणी हाक मारून दाखवावी!

एका सोमवारी बायको तिच्यापाशी कुरकुरली, की कालचाही दिवस कामात गेला. अमुदा भांडी घासता घासता म्हणाली, "अक्का, सरळ सांगायचं, रविवारी मी येणार नाही!"

"अगं, मी घरीच असते. येणार नाही कसं सांगू?"

अमुदाने हात पुसले. "मग फोन लावून माझ्याकडे द्या. मी सांगते, अक्का घरी आलेली नाही म्हणून!"

*

आता आयुधपूजा. आपल्या खंडेनवमीसारखीच, पण इथे तिचा थाट मोठा. यंत्रं धुऊनपुसून चंदन-कुंकू, झेंडूच्या माळा, चुरमुरे-डाळवं, गेटवर कोहळा फोडायचा. नवीन होतो तेव्हा हौसेने मी लॅपटॉप ठेवला आणि वर स्कूटरची किल्लीही ठेवली. आरती झाली, प्रसाद खाल्ला आणि किल्ली उचलायला गेलो.

"अय्यो सार!" सगळे एकदम ओरडले. पूजा झालेलं हत्यार दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हलवायचं नाही, हा इथला नियम. स्कूटर दिमाखात गेटपाशी उभी आणि मी बसच्या दांडीला लोंबकळत घरी. तेव्हापासून मी फक्त बॉलपेन ठेवतो.

*

तर यंदाची पूजा.

पूजा झाली की निळ्या दोऱ्या दुपारी घरी जातात. पिवळ्या मात्र माल पॅक करायला थांबतात, हे वर्षानुवर्षांचं. पॅकिंगमधली कस्तुरी आमची सगळ्यात जुनी पिवळी दोरी. तिची मुलगी त्या दिवशी चार वाजता मैलापूरच्या शाळेत पहिल्यांदा स्टेजवर गाणार होती. कस्तुरीने माझ्याकडे सुट्टी मागितली. मी म्हटलं, "अम्मा, तुम्ही कंपनीच्या नाही, पळणीस्वामींच्या. त्यांना विचारा." पळणीस्वामी हे कॉन्ट्रॅक्टर. ते म्हणाले, "काम कंपनीचं आहे. कंपनीला विचार." बिचारी दोनदा जिना चढली, दोनदा उतरली. मला वाईट वाटलं, पण माझ्या हातात काही नव्हतं.

पूजेच्या दिवशी सगळ्यांनी आपापली हत्यारं मांडली. आरतीचा मान माधवरावांचा. त्यांनी विचारलं, "पळणी, तुमचं हत्यार कुठे?" पळणीस्वामींनी खिशातून फोन काढला. मग उद्यापर्यंत फोनशिवाय राहायचं, हे आठवून पुन्हा खिशात घातला!

तेवढ्यात कस्तुरी पुढे आली. "अण्णा, तुमचं हत्यार म्हणजे आम्हीच की!"

हशा पिकला. पॅकिंगच्या साऱ्या बायका यंत्रांशेजारी ओळीत उभ्या राहिल्या. पळणीस्वामी तर खुलले. स्वतः ताट धरलं, बायकांनी आपापल्या हाताने चंदन-कुंकू लावलं, त्यांनी फुलं उधळली, माधवरावांनी कापूर ओवाळला. सगळं कसं यथासांग!

प्रसाद झाल्यावर पळणीस्वामींनी टाळी वाजवली. "चला, पॅकिंग!"

कोणी हललं नाही.

"अण्णा," कस्तुरी हात जोडून म्हणाली, "पूजा झालेलं हत्यार उद्या सकाळपर्यंत चालवायचं नसतं."

पळणीस्वामींनी माझ्याकडे बघितलं. मी माधवरावांकडे. माधवराव चष्मा पुसत मला मराठीत म्हणाले, "नियम म्हणजे नियम. तुमची किल्ली आठवतें ना?"

बायकांनी डबे उचलले. कस्तुरी गेटबाहेर पोचलीसुद्धा. मैलापूरची बस वळणावर दिसत होती. पळणीस्वामी मागून ओरडले, "अगं, मग एवढे खोके भरणार कोण?"

कस्तुरीने वळून एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"तुम्हा दोघांची पूजा कुठे झालीय, अण्णा?"