काकूंच्या हातावरचा दिवा

भर दुपारी बारा वाजता बुऱ्हाणपूरच्या लालबागमधल्या माझ्या दुकानासमोर एक ट्रॅक्टर ताडपत्रीखाली झाकलेला होता, आणि त्याच्या केबिनमध्ये आम्ही तिघं अंधारात बसलो होतो. स्टिअरिंगवर रघुनाथकाका, शेजारी डाव्या मडगार्डवरच्या गादीवर त्यांच्या बायको सुमनकाकू, आणि मागे उकिडवा मी. रस्त्यावरून जाणारे काय समजले असतील ते समजोत. गाडीच्या आतला दिवा दिवसा तपासायचा तर आमच्याकडे हीच पद्धत आहे. वर ताडपत्री टाकायची आणि आत शिरायचं.

मी गाड्यांची वायरिंग करतो. तीस वर्षं इथे हेच काम. केबिनमध्ये दिवा बसवणं म्हणजे चहा गार व्हायच्या आत संपणारा प्रकार. त्या दिवशी मात्र चार चहा झाले.

ट्रॅक्टर डोईफोडिया गावातला, काका-काकूंचा. त्यांचा मुलगा विनोद तो चालवत घेऊन आला होता. काका-काकू मागून बसने आले. काकांना ऐकू येत नाही. कानाचं मशीन लावून पाहिलं, पण शेतात ते फक्त ट्रॅक्टरचाच आवाज मोठा करून देतं. तेव्हा काकूंनी हाताच्या खुणा ठरवल्या. कुठे शिकलेल्या नाहीत, दोघांनी घरच्या घरी बनवलेल्या. काका ट्रॅक्टर चालवतात, काकू शेजारी बसून त्यांचे कान होतात. दिवसा सगळं सुरळीत चालतं.

पण केळीची कापणी असली की उजाडायच्या आत शेतावर निघावं लागतं. मागच्या महिन्यात अशाच अंधारात ट्रॉलीचा मागचा फाळका उघडला. घड रस्त्यावर पडायला लागले. काकू हातवारे करत राहिल्या, काकांना दिसेनात. त्यांनी काकांची बाही ओढली. काकांना वाटलं, ही घाबरली, हळू चालव म्हणतेय. त्यांनी ट्रॅक्टर हळू केला आणि पार गावच्या फाट्यापर्यंत तसेच गेले. कोणाला लागलं नाही हे नशीब. त्या दिवसापासून ट्रॅक्टरची चावी विनोदच्या खिशात होती.

"मिस्त्री, सीधी बात आहे," विनोद मला म्हणाला. "लाइट लावून बाबाले सगळं बराबर समजलं तं चाबी देतो. नाही तं मी चालवतो. बाबा घरी आराम करतील."

"घरी बसले तं दोन महिन्यात म्हातारे होतील हे," काकू म्हणाल्या. काका तर आत्ताच पासष्टच्या पुढचे होते. काका आमच्या तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते. आपलंच बोलणं चाललंय एवढं त्यांना कळत होतं, आणि ते बघून मला फार वाईट वाटलं.

पहिली चूक अर्थची झाली. दिव्याला दोन वायरी लागतात, एक करंट आणते, दुसरी परत नेते. परतीच्या वायरीला आम्ही अर्थ म्हणतो. मोटारीत ती वेगळी ओढत नाहीत, बॉडीचा पत्राच ते काम करतो. मी सवयीने केबिनच्या पत्र्याला स्क्रू मारला. दिवा लागला, पण आजारी माणसासारखा. मग ट्यूब पेटली. हादरे बसू नयेत म्हणून ट्रॅक्टरची केबिन रबरी बुशांवर बसवलेली असते, आणि रबरातून करंट परत जात नाही. कुठल्यातरी बोल्टमधून थोडाफार जात होता, तेवढाच उजेड. वेगळी वायर खालच्या लोखंडी चेसिसपर्यंत नेली, तेव्हा छताच्या मधोमध लख्ख दिवा लागला. मी खूश.

दुसरी चूक मोठी होती आणि ती मला दिसलीच नाही. विनोदने ताडपत्रीतून डोकं आत घातलं आणि आईच्या कानात काहीतरी सांगितलं. काकूंनी खुणा केल्या. काका वाकून बघत होते. मग ते मोठ्याने म्हणाले, "गाय आली म्हणते?"

"फाळका उघडला, असं सांगितलं होतं," विनोद म्हणाला. त्याचाही आवाज पडला होता. "राहू द्या मिस्त्री."

मी म्हटलं, जास्त वॉटचा टाकतो. तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, "भाऊ, एक सांगू? दिवा लागला तसे मी हात जोडले. घरी संध्याकाळी असंच असते. मी हात जोडते, मले पाहून हे जोडतात. आता यायनं जोडलेच नाही. म्हंजे यायले माहे हातच दिसून नाही राहिले."

मी स्विच बंद करून पुन्हा चालू केला, या खेपेस डोळे उघडे ठेवून. दिवा काकांच्या टकलावर चमकत होता. समोरच्या काचेत आमचीच तोंडं दिसत होती, म्हणजे बाहेरचा रस्ताही दिसला नसता. आणि काकू बोलायला पुढे वाकल्या की त्यांच्या डोक्याची सावली त्यांच्याच हातांवर पडत होती. तीस वर्षं मी ड्रायव्हरसाठी दिवे लावले. इथे ड्रायव्हरला फक्त बायको बघायची होती.

दिवा काढला. जरा मंद, पिवळसर दिवा घेतला. पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून, काळा रंगवून त्याला टोपी केली, म्हणजे उजेड काचेवर जाणार नाही. काकूंच्या बाजूच्या खांबावर, कमरेच्या उंचीला, त्यांच्या मांडीवर उजेड पडेल असा तो बसवला. स्विच काकूंच्या हाताशी.

पुन्हा ताडपत्री. काकूंनी स्विच दाबला आणि हात जोडले. काकांनीही जोडले. विनोदने आईला तीन गोष्टी सांगितल्या. काकांनी तिन्ही बरोबर ओळखल्या, फाळक्यासकट. मग काकूंनी आपल्या मनाने काहीतरी खूण केली आणि काका एकटेच हसायला लागले.

"काय म्हणाल्या?" मी खुणेनेच विचारलं.

"म्हणते," काका सगळ्या लालबागला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लग्नानंतर एवढं निरखून आजच पाह्यलं तुम्ही मले."

विनोदने खिशातून चावी काढली आणि आईच्या ओंजळीत ठेवली. काकूंनी ती दिव्याखाली धरून काकांना दाखवली. मी पाना शोधायच्या निमित्ताने खाली उतरलो.

पुढे एकदा कामासाठी डोईफोडियाला गेलो होतो. दिवेलागणीला परतताना रस्त्याच्या कडेला तो ट्रॅक्टर उभा दिसला. केबिनमध्ये माणसं दिसत नव्हती. इतक्यात आतला दिवा लागला. उजेडात दोन हात जुळले. मग शेजारून दोन रापलेले हात पुढे आले आणि तेही जुळले. मग ट्रॅक्टर सुरू होऊन माझ्यासमोरून निघून गेला. मी मोटारसायकलवरून हात केला, तो त्यांना दिसला नसणार.

छतात मी आधी पाडलेलं भोक रबरी बूच लावून तसंच आहे. आता कोणी केबिनमध्ये दिवा सांगितला की ड्रिल हातात घेण्याआधी मी विचारतो, कोणाला काय बघायचं आहे.