कवटी, नाग आणि बाबूजींची भिंत

"किसने ठोकी? मैं पूछता हूँ, मेरे बाप की दीवार में कील किसने ठोकी?"

हा आवाज आमच्या घरमालकांचा. जयपूरच्या बनी पार्कातून निघून तो थेट स्टेशनावर गेला असणार आणि तिथं उभ्या गाडीच्या गार्डानं घाबरून हिरवी झेंडी दाखवून टाकली असणार. त्यांना सगळे बाबूजी म्हणत. उंची जेमतेम, वजन धोतर भिजवून मोजलं तरी चाळीस किलो, आणि घशात मात्र वाफेचं इंजिन. ते आमच्या खोलीच्या मधोमध उभे होते आणि समोरच्या भिंतीवरून एक कवटी दात विचकून त्यांच्याकडे बघत होती. कवटीच्या शेजारी दुतोंडी नाग. नागाशेजारी तोंडातून जाळ काढणारं मांजर. आणि शेवटी एक भलामोठा डोळा, ज्याला कोंबडीचे पाय फुटले होते.

मी नुकताच ड्यूटीवरून आलो होतो. एक बूट पायात, एक हातात.

"मैंने," आमची ही म्हणाली. तिच्या हातात अजून वरवंटा होता. हातोडी आमच्याकडे नव्हती. नव्या संसारात हातोडी लागते हे आमच्या दोघांच्याही आयांना सुचलं नव्हतं, पण पाटा-वरवंटा मात्र भुसावळहून आमच्याबरोबर रीतसर बुक होऊन आला होता. त्या वरवंट्यानं तिनं दुपारभर खिळे ठोकले होते.

आता बाबूजी का ओरडत होते ते सांगायला हवं, कारण माणूस उगाच ओरडणारा नव्हता. ती भिंत साधी नव्हती. जयपूरच्या जुन्या घरांत चुन्याचा एक गिलावा असतो, आराइश म्हणतात त्याला. चुना महिनोन्‌महिने भिजवायचा, थरावर थर चढवायचे आणि मग गुळगुळीत दगडानं घासत बसायचं, घासत बसायचं, इतकं की शेवटी भिंतीत आपलं तोंड दिसतं. बाबूजींच्या वडिलांनी तो स्वतः उभं राहून करून घेतला होता. मी त्या भिंतीत बघून दाढी करायचो. एकदा तर भिंतीतल्या मलाच 'या, बसा' म्हणालो होतो. अशा गिलाव्यावर खिळा ठोकला की आजूबाजूचा बोटभर चुना टवका होऊन उडतो, आणि तो पुन्हा भरता येत नाही. म्हणून अख्ख्या घरात, बाबूजींच्या लग्नापासून, एकही खिळा नव्हता. त्यांच्या पुढच्या बैठकीत माजींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, माहेरून आलेला मोठा आरसा होता. तोसुद्धा जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलेला. तीस-पस्तीस वर्षं त्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला आरशात फक्त आपल्या चपला दिसत आल्या होत्या. माजी कुंकू लावायला फरशीवर मांडी घालून बसत.

आणि भिंतीवरची ती चित्रं? ती चार फळ्यांवर होती, आणि त्या फळ्यांची हकीगत अशी. आमच्या समोर एक गेस्टहाउस होतं. तिथं उन्हाळ्याच्या तोंडावर चार गोरी पोरं उतरली. ताडासारखी उंच, नाकं सोललेली, आणि प्रत्येकाच्या काखेत चाकांची फळी. स्केटबोर्ड. फळीवर उभं राहायचं, एका पायानं जमीन रेटायची आणि सुटायचं. जयपुरात त्याआधी कुणी असलं काही पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांच्या मागे शंभर पोरं धावली, दुसऱ्या दिवशी कुत्री, आणि तिसऱ्या दिवशी एक उंट गाडी सोडून निघाला होता म्हणतात. मी पाहिला नाही, पण उंटवाल्याला रडताना मी पाहिलं. मग रस्त्यातली वाळू चाकांत शिरली, चाकं जाम झाली, पोरांना जुलाब लागले. आमच्या हिनं आठवडाभर त्यांना मऊ भात आणि ताक पोचवलं. बरी होऊन निघाली तेव्हा पोरांनी चार फळ्या हिच्या पायाशी ठेवल्या, एकानं तर वाकून नमस्कारही केला, आणि ती पुढच्या गाडीनं गेली.

तीन फळ्यांची चाकं मी सोडवली, त्यांतली वाळू काढली आणि आमच्या कूलरच्या स्टँडला लावली. बनी पार्कात चालता कूलर फक्त आमच्याकडे. चौथीचे नट काही केल्या हलेनात, म्हणून कवटीवाली फळी चाकांसकट राहिली.

फळीची वरची बाजू पॉलिशपेपरसारखी खरखरीत होती, पाय घसरू नये म्हणून. पण खालची बाजू उलटली तेव्हा ही बघतच राहिली. तिथं ती चित्रं होती. असा लाल, असा हिरवा, असा पिवळा रंग की डोळे मिटले तरी दिसावा.

"अहो, हे भिंतीवर लावायचं," ती म्हणाली.

"कवटी?"

"कवटीच तेवढी हसतेय या घरात. तुम्ही ड्यूटीवरून येता तेव्हा कसे दिसता माहितेय?"

तिचं म्हणणं मला कळत होतं. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरात दोन खोल्यांत नऊ माणसांत ती वाढली. "माझ्या वाट्याला भिंत कधी आलीच नाही," ती म्हणायची, "कोपरा यायचा, तोपण आळीपाळीनं." वडिलांचा युनिफॉर्म, कुणाची दप्तरं, एक कॅलेंडर, संपली भिंत. ही जयपूरची भिंत तिची पहिली. तिच्यावर काय असावं हे तिला ठरवायचं होतं, आणि तिनं कवटी ठरवली. कवटीच्या फळीची चाकं बाहेर आलेली, तर त्यांच्या दांडीला माझी छत्री आणि तिची पर्सही अडकवता येऊ लागली. अशी सोय जयपूरच्या महाराजांकडेही नसेल.

तर आता बाबूजी ओरडून ओरडून दमले आणि हळू आवाजात बोलले, ते जास्त वाईट होतं.

"इतवार तक उतारो. नहीं तो कमरा खाली करो, बेटा."

ते गेले. मी दुसरा बूट काढला.

"उतरवू या," मी म्हणालो. "खोली चांगली आहे. स्टेशन जवळ आहे."

"फळ्या उतरणार नाहीत आणि खोली सुटणार नाही."

"दोन्ही कसं जमेल?"

"जमवू. त्या दोघांना रविवारी जेवायला बोलवा. माझी पुरणपोळी खाऊन कुणी कुणाला घराबाहेर काढलेलं नाही."

हे खरं होतं. तिच्या हातची पुरणपोळी खाऊन मी एका बैठकीत लग्नाला हो म्हणालो होतो, आणि मी तिथं तिच्या मावसबहिणीला बघायला गेलो होतो.

रविवार उजाडला. डाळ शिजली, पुरण वाटलं, वेलदोड्याच्या वासानं समोरच्या गेस्टहाउसातली माणसं गच्चीवर येऊन उभी राहिली. दारात रांगोळी झाली. आणि अकराच्या सुमाराला ही एकदम कमरेवर हात ठेवून थांबली.

"पाट."

पाट नव्हते. सन्मानानं बोलावलेल्या मेहुणाला, म्हणजे जोडप्याला, चटईवर बसवायचं हे तिच्या माहेरी झालं नसतं, आणि माहेरी झालं नसतं ते जयपुरात होणार नव्हतं. तिनं भिंतीकडे बघितलं. मीही बघितलं. कवटी आम्हा दोघांकडे बघत होती.

पाचव्या मिनिटाला फळ्या जमिनीवर पालथ्या. चित्रं खाली, खरखरीत बाजू वर, भोवती रांगोळीची महिरप. बिनचाकाच्या फळ्या फरशीला टेकून दोन्ही टोकांना डुलत होत्या. चाकांची तेवढी बरोबर पाटाच्या उंचीची, ऐटबाज. साहजिकच तो मुख्य पाहुण्याचा पाट ठरला. आता चाकं म्हणाल तर ती महिनाभर जाम होती, ढकलूनही हलत नव्हती. पण पाहुणे भिंत बघणार म्हणून हिनं सकाळीच ती रॉकेलनं धुऊन, वाळू काढून, खोबरेल तेल लावून लखलखीत केली होती. हे तिनं मला सांगितलं नाही. तिच्या मते त्यात सांगण्यासारखं काय होतं?

बाबूजी आले, मागून घुंगट घेतलेल्या माजी. बाबूजींनी आधी भिंत बघितली. भिंत मोकळी. नुसते खिळे.

"समझदार हो," ते मला म्हणाले. "कीलों का बाद में देखेंगे." आणि प्रसन्न होऊन थेट कवटीवर जाऊन बसले.

माजी दुसऱ्या फळीवर बसल्या, जरा डुलल्या. मग त्यांनी हळूच फळीची कड उचलून खाली बघितलं. जाळ काढणारं मांजर. त्यांनी कड खाली ठेवली, घुंगट नीट केला आणि जेवायला लागल्या.

पहिली पोळी बाबूजींनी गुपचूप खाल्ली. दुसऱ्या पोळीला "वाह" म्हणाले. तिसऱ्या पोळीला त्यांनी तूप वरून नको म्हटलं आणि वाटीत मागून घेतलं. सहाव्या पोळीपर्यंत त्यांनी आपल्या वडिलांच्या तीन गोष्टी सांगितल्या होत्या आणि मला 'बेटा'वरून 'बेटाजी' केलं होतं. आमचं घर वाचलं, मी मनात म्हणालो. मग त्यांनी पाण्यानं भरलेला पितळी तांब्या उचलला. जेवण संपलं याची खूण.

पण आमच्याकडे पाहुण्यानं तांब्या उचलला की जेवण संपत नाही, आग्रह सुरू होतो.

"बाबूजी, एक तो लेनाच पड़ेगा," ही ताजी पोळी घेऊन पुढे आली.

"बस, बिटिया, बस." त्यांनी टाचेनं फरशीला रेटा देऊन अंग मागे घेतलं.

फळी वीतभर मागे गेली. त्यांना वाटलं आपणच सरकलो.

"आधी तरी. मेरी सौगंध." हिची ही 'आधी' हिंदीतली, म्हणजे अर्धी पोळी.

"नहीं, नहीं." आणखी एक रेटा.

ही पुढे, ते मागे. ही पुढे, ते मागे. आणि त्या घराच्या फरशांना धुण्याचं पाणी वाहून जावं म्हणून पुढच्या बाजूला उतार होता, हे मी तुम्हाला अजून सांगितलं नव्हतं, तसं त्या क्षणी ते बाबूजींनाही कुणी सांगितलं नाही.

ते सुटले. मांडी घातलेले, मागच्या मागे, एका हातात तांब्या, दुसरा हात 'नको' म्हणून उचललेला. दारातून बाहेर, व्हरांड्यातून तिरके. दुसरा कुणी असता तर पहिल्याच वळणाला घसरून पडला असता, पण खरखरीत कागदानं धोतर असं घट्ट धरलं होतं की फळी जिथं जाईल तिथं बाबूजी. त्यांचा चेहरा आमच्याकडेच होता, त्यामुळे जाताना ते आम्हाला निरोप देताहेत असं वाटत होतं. मागून आमची ही, ताटलीत पोळी घेऊन, "बाबूजी, आधी तरी" म्हणत धावत. मी तिच्या मागे. व्हरांड्यातली मांजर खांबावर चढली आणि माझ्या माहितीप्रमाणे दिवाळीलाच उतरली.

फळी त्यांच्याच बैठकीत शिरली आणि तक्तपोसाच्या, म्हणजे लाकडी पलंगाच्या, पायाला अडून थांबली. बाबूजीही थांबले. तांब्या थांबला नाही. तो त्यांच्या हातातून सुटून पाणी उडवत डोक्यावरून मागे गेला आणि भिंतीवर असा वाजला, की मला वाटलं देवळात आरती सुरू झाली.

मग धोतर चर्रकन सोडवत बाबूजी उठले. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. फळी उलटली आणि कवटी वर तोंड करून हसू लागली. पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते भिंतीकडे बघत होते.

बैठकीची भिंत, घरातली सगळ्यांत चांगली. तिच्यावर माणसाच्या तोंडाच्या उंचीला, बरोबर मधोमध, पुरीएवढा टवका उडाला होता. आमचे सगळे खिळे एकत्र केले असते तरी एवढा चुना पडला नसता.

"ये क्या हो गया," बाबूजी म्हणाले. इंजिनातली वाफ संपली होती. त्यांनी हात पुढे करून तो खड्डा चाचपला, आणि खरं सांगतो, मला हसू येत होतं ते तिथंच थांबलं. ओल्या चुन्यावर दगड घासून घेत उभे राहिलेले त्यांचे वडील त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांसमोर असणार.

"बाबूजी," ही हळूच म्हणाली. तिनं पोळीची ताटली माझ्या हातात दिली होती. "हम कीलें निकाल देंगे. कमरा भी छोड़ देंगे, आप बोलोगे तो."

बाबूजी खड्डा चाचपतच राहिले. मागून पैंजण वाजले. माजी आल्या होत्या, अजिबात घाई न करता, हात धुऊन, पदराला पुसून. त्यांनी टवका बघितला. मग जमिनीवर टेकवलेल्या आपल्या आरशाकडे बघितलं. मग पुन्हा टवक्याकडे. त्यांनी घुंगट वर केला. इतक्या महिन्यांत त्यांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

"तू कहीं नहीं जा रही, बिटिया," त्या म्हणाल्या. "वो तेरा कील ठोकनेवाला पत्थर ला. यहाँ मेरा शीशा टँगेगा."