काळोखबाई

कुठल्याही खोलीत शिरली की ती आधी दिवा घालवायची. मसुऱ्याला आमच्या गावच्या घरी पूजेला आली तेव्हासुद्धा तिचा हात सवयीने बटणाकडे गेला आणि माझ्या आईने तो हसत हसत धरला. मी तिला काळोखबाई म्हणू लागले ते चिडून. प्रयोगशाळेत सगळ्यांनी ते लाडाने उचललं. मी ठेवलेलं नावसुद्धा तिलाच लाभलं, याचा राग मला अजून आहे.

सवय कामातून आली होती. गोव्यातल्या एका प्रयोगशाळेत आम्ही दोघी कर्करोगावर असं औषध शोधत होतो, जे अंगात गेलं तरी निजून राहील आणि गाठीवर लाल उजेड टाकला की तेवढ्यापुरतं जागं होऊन तिथल्या पेशी मारील. अशा औषधाला साधी ट्यूबलाइटही चालत नाही. म्हणून कुप्यांना चंदेरी कागद, खिडक्यांना काळे पडदे. दोघींची औषधं वेगळी होती आणि उंदरांवर तपासायला आमचे मार्गदर्शक सर एकच घेणार होते. ते माझं असावं, एवढंच मला त्या काळात हवं होतं. लग्नाचा विषयही मी त्यापायी पुढे ढकलला.

ती देवबागची, रापण, म्हणजे समुद्रात टाकून किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्या ख्रिस्ती घरातली. सरांसमोर इंग्रजी झाडायची, माझ्याशी मात्र मालवणीच. माझं औषध पेशीत सगळीकडे पसरायचं, उजेड पडला की शेजारच्या निरोगी पेशीही मरायच्या. तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि म्हणाली, "गो, तुझा औषध म्हणजे रापण. मिळात ता सगळा ओढता. बारको मासो पण मेलो." हसू मला आलं नाही.

तिचं औषध नेमकं जायचं. मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या चुलीत. तिने आपल्या रेणूला धन भाराची एक शेपटी जोडली होती. ही चूल तसला भार आत ओढून घेते आणि कर्करोगाच्या कितीतरी पेशींत ती ओढ जास्त असते. म्हणजे औषधाला घर आपोआप सापडायचं. ते पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. काय सुंदर दिसत होतं! आणि ते माझं नव्हतं.

मग तिचीच एक सवय तिला नडली. उजेडातल्या बशीत पेशी मेल्या की आम्ही बाकीचे खूश. ती मात्र उजेड न दाखवलेली बशी पाहिल्याशिवाय हसायची नाही. "उजेडात मारणारी खूप गावतत. काळोखात गप रवता काय, ता बघ," हे तिचं पालुपद. तिचं औषध काळोखात गप्प राहिलं नाही. उजेडाची वाट न पाहताच ते पेशी मारत सुटलं होतं. मला आनंद झाला, चांगला पोटभर झाला. त्या संध्याकाळी मी बांगडे तळून खाल्ले.

दुसऱ्या दिवशी ती आली, माझ्या टेबलावरचा दिवा घालवला आणि स्टूल ओढून बसली. "तुझा काळोखात गप रवता. माझ्याक वाट गावता. माझी शेपटी तुझ्या रेणूक लावया."

मला नाही म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं असतं तर दोघींच्याही हातात काही उरलं नसतं. जोडली शेपटी. नवं औषध काळोखात शहाण्यासारखं निजलं आणि उजेड पडताच चुलीपाशी जागं झालं. सरांनी तेच घेतलं. प्रयोगशाळेत त्याचं नाव पडलं 'काळोखबाईचं औषध'. ती भेटेल त्याला सांगायची, "रेणू तिचो आसा. माझी नुसती शेपटी." मग लोक तिच्या मोठ्या मनाचंही कौतुक करायचे. मी काय करणार? आणखी जळायचे.

औषध पुढे न्यायला परदेशात बोलावलं तेही तिलाच. माणसांपर्यंत पोचायला त्याला अजून वेळ आहे. मी कणकवलीला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते.

यंदा नाताळला तिच्या आईने, मावशींनी, मला देवबागला बोलावलं. ती येणार नव्हती, म्हणूनच मी गेले. संध्याकाळी नेवऱ्यांची, म्हणजे नाताळच्या करंज्यांची, बशी माझ्यापुढे ठेवत मावशी म्हणाल्या, "तुझ्या नावान किती जळायची गो ती! घराक इली की रडायची. 'मम्मी, शेपटी कोणाकय सुचात. तो रेणू माका कित्याक सुचलो नाय?' तुका कधी बोलली नाय?"

"नाय," मी म्हटलं.

इतकी वर्षं एका टेबलाशी बसून तिने माझा हेवा केला आणि मला त्याचा कधी चटका बसू दिला नाही. मला वाटणारा तिचा हेवा मात्र झाडूवालीलासुद्धा ठाऊक होता. काळोखात गप्प राहणं तेवढं तिलाच जमलं. इथेही तीच सरस!

मावशी चहा आणायला आत गेल्या. मी उठले आणि खोलीतला दिवा घालवला. रडताना मला कोणी पाहायला नको होतं.