लहान्याच्या अकरा गाठी

झरीच्या लहान्याला तिसरीत मास्तरांनी पट्टीने मारलं, तेव्हा तो शाळेमागच्या ताडावर जाऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत उतरलाच नाही. खाली मास्तर, बाप, शेजारी सगळे ओरडून दमले. दुसऱ्या दिवशी बाप म्हणाला, "वरच बसायचं तर काम करून बस," आणि कमरेला दोरी बांधून त्याला ताडी काढायला लावलं. लहान्याचं शिक्षण एवढंच. पण डहाणूला समुद्राकडच्या एका वाडीत हरिश्चंद्र राऊतांच्या घरामागे जो पंचेचाळीस फुटी लोखंडी टॉवर आहे, तो बावीस वर्षं लहान्यामुळे उभा आहे. ज्याला पटत नसेल त्याने त्या टॉवरवर चढून दाखवावं, मग बोलू.

हा टॉवर मोबाईलचा नाही. हरिशेट रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते, आता निवृत्त. त्यांना हॅम रेडिओचा नाद. सरकारची परीक्षा देऊन परवाना काढायचा, घरात यंत्र मांडायचं, वर अँटेना उभी करायची आणि तिच्या जोरावर जगभरातल्या असल्याच नादी माणसांशी बोलत बसायचं. धंदा नाही, कमाई नाही. रोज संध्याकाळी सहा वाजले की हरिशेट कानाला हेडफोन लावून बसतात आणि त्यांची बायको हिरकणीकाकी चहा बाजूला ठेवून निघून जाते.

टॉवर पहिल्यांदा उभा केला तेव्हा मुंबईहून एक फिटर आणला होता. तो अर्ध्यावरून खाली उतरला. म्हणे, हलतोय. बांधावरच्या ताडावर लहान्या ताडी काढत होता. तो वरूनच बोलला, "हलणारच. न हलला तर मोडंल." हरिशेटनी मान वर केली, म्हणाले, "तू चढशील?" लहान्या ताडावरून उतरला आणि टॉवरवर चढला. मधे फक्त पाणी प्यायला थांबला.

तेव्हापासून दरवर्षीचं ठरलेलं. पावसाच्या आधी अँटेना खाली घ्यायची, नळ्या सुट्या करायच्या, खाऱ्या वाऱ्याने धरलेला गंज घासायचा, नटांना ग्रीस लावायचं. दसऱ्यानंतर सगळं परत वर. टॉवरला तीन बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा असतात, तणावे म्हणतात त्यांना. लहान्या त्यांच्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचा, कान लावायचा आणि सांगायचा, "ही सैल हाय." हरिशेट यंत्र लावून बघायचे. सैल असायची.

नटावर त्याचा भरवसा नव्हता. प्रत्येक सांध्यावर नट घट्ट केला की वरून तो दोरीची गाठ मारायचा, ताडाच्या मडक्याला मारतात तशी. टॉवरवर अशा अकरा गाठी होत्या. दोरी झिजली की तोच सोडायचा आणि तोच नवी बांधायचा. ताडी काढणाऱ्यांची ही रीत आहे. ज्याची गाठ त्यानेच सोडायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही. माणूस मेला तर दोरी झाडावरच कुजून पडते. लहान्याच्या बापाची दोरी झरीच्या ताडावर चार पावसाळे लटकत होती, कोणी हात लावला नाही.

दुसरी रीत हरिशेटची. लहान्या टोकाला पोचला की खालून हाक यायची, "काय दिसतं रे?" लहान्या सांगायचा. पूर्वेला महालक्ष्मीचा गड दिसतो, पश्चिमेला होड्या दिसतात. एवढं ऐकलं की हरिशेट समजायचे, माणूस नीट टेकलाय, दम खातोय, आता कामाचं बोलायला हरकत नाही.

एकदा लहान्याने खालीच विचारलं होतं, "तुम्ही आज ज्याच्याशी बोलला, त्याच्याकडे ताड हाय का विचारा." हरिशेटनी खरंच विचारलं. तो माणूस रशियाच्या पलीकडे कुठेतरी बर्फात बसलेला. नाही म्हणाला. लहान्या म्हणाला, "मग ते काय पितात?" तेही विचारलं गेलं.

यंदा गोष्ट बिघडली ती एका टेपवरून. अँटेनाच्या आडव्या दांड्यावर तीन नळ्या बसतात. मागची सगळ्यात लांब, तिला निळी टेप. पुढची सगळ्यात आखूड, तिला काळी. प्रत्येक नळी मधोमध सुटी होते, म्हणून एकेका तुकड्यात फरक फूटभराचाच. जिकडे आखूड नळी, तिकडे अँटेनाचं तोंड. लहान्याने दांडा वर नेला आणि जागेवर बसवला. खालून नळ्यांचे तुकडे कप्पीवर एकेक करून येत गेले, तो टेप बघून बसवत गेला. निदान बघितल्यासारखं केलं. मधेच त्याच्या हातातून पाना सुटला. हिरकणीकाकी खाली चिकूच्या फोडी वाळत घालत होती. पाना तिच्यापासून दोन हातांवर फोडींत रुतला.

"हात घामेजला," लहान्या वरून बोलला.

"काय दिसतं रे?" हरिशेटनी विषय बदलला.

"गड दिसतो. होड्या दिसतात."

संध्याकाळी हरिशेट रेडिओवर बसले. अँटेना उत्तरेला वळवली तर जयपूरच्या मित्राचा आवाज मुंगीएवढा. समुद्राकडे, मग आणखी पुढे दक्षिणेला वळवली, तर तोच मित्र शेजारच्या खोलीत बसल्यासारखा. हरिशेट काय समजायचं ते समजले. दुसऱ्या दिवशी लहान्याला फोन करून बोलावलं.

"मागची नळी पुढे बसलीय," ते म्हणाले. "होतं असं. आता परत कशाला चढतोस? खाली दिशेची पाटी आहे ना, तीच उलटी लावतो. उत्तरेच्या जागी दक्षिण. कोणाला कळणार आहे?"

बावीस वर्षांत लहान्याची नळी चुकली नव्हती. त्याला माहीत होतं की तुकडे एकमेकांना लावून वितीने मोजले असते तर चूक झालीच नसती. पण विती टाकायच्या म्हणजे डोळा गेला हे स्वतःच्या हातांना सांगायचं. ते त्याला नको होतं. गेल्या वर्षी तलासरीला डोळ्यांचं शिबिर होतं. डॉक्टरीण म्हणाली होती, काचबिंदू आहे. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, यातलं गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंब घालून राखायचं. लहान्याने तो कागद कुडाच्या भिंतीत खोचला आणि घरात कोणाला सांगितलं नाही. डावा डोळा तर गेलाच होता. उजव्यात समोरचं, तेही जवळचं, दिसायचं, बाजूचं नाही, आणि निळं-काळं सारखंच. ही गोष्ट सांगितली की टॉवर गेला. टॉवर गेला की लहान्या कोण? झरीत ताडी काढणारे पन्नास होते, टॉवरवाला एकच.

"लावा पाटी उलटी," तो म्हणाला आणि निघाला.

परतीला वडापच्या इकोत मागच्या सीटवर बसला. हायवेला महालक्ष्मीच्या गडाखाली, विवळवेढ्याजवळ गाडी आली तशी पुढच्या बाईने हात जोडले, ड्रायव्हरने छातीला हात लावला. लहान्यानेही हात जोडले. जोडल्यावर त्याच्या लक्षात आलं की बाकीच्यांनी जोडले म्हणून आपण जोडले. त्याने काचेला नाक लावून बघितलं. गड एवढा जवळ, आणि तिथे नुसता राखाडी पडदा. इथून दिसत नाही तर त्या दिवशी टॉवरवरून काय दिसलं होतं? काही नाही. खोटंच सांगितलं होतं. आणि तो पाना दोन हात अलीकडे पडला असता तर?

घरी पोरगी आली होती. संगिता, सव्वीस वर्षांची, डहाणूला फुग्याच्या कंपनीत जाते. दहावी अर्धी टाकलेली, जीभ बापासारखी. लहान्याने चहा ओतला तो कपाच्या बाहेर.

"बा, किती दिवस नाटक करणार?" ती म्हणाली. "कुडातला कागद मी गेल्या दिवाळीत सारवताना बघितला. थेंब आणून तुझ्या उशाशी ठेवले, ते तू मडक्यामागे ठेवून दिले."

"मग बोलली का नाय?"

"तू बोलतो का ते बघत होती."

मग त्याने सगळं सांगितलं. टेप, पाना, पाटी. ती ऐकत राहिली. पान्याचं ऐकलं तेव्हा हातातला कप खाली ठेवला.

"मी चढते," ती म्हणाली. "लहानपणी तुझ्या मागे सगळ्या झाडांवर चढलीय."

"बाईने ताडावर चढायचं नाय."

"तो ताड हाय का? पाईप हाय. मग तुझ्या गाठी तरी कशाला जपायच्या? पाईपावर कसली रीत?"

"पाईपावर असली तरी गाठ माझी हाय," लहान्या म्हणाला. सांडलेला चहा हाताने पुसून काढला. मग म्हणाला, "मलाच सोडायला लागंल."

रविवारी दोघं गेली. लहान्याने ओटीवर उभं राहूनच डोळ्याचं आणि आता पोरगी चढेल हे सांगून टाकलं, मधे थांबला असता तर राहून गेलं असतं. हरिशेट पाटी उलटी लावायला स्क्रू शोधत होते. त्यांनी स्क्रू खिशात टाकले आणि खुर्चीत बसले.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही दुसरा आणला असता."

"आणला असता," हरिशेट म्हणाले. ते खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा दोष आहे.

हिरकणीकाकी आतून आली. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी तू होड्या दिसतात म्हणालास. त्या दिवशी धक्क्यावर वादळाचा बावटा लागला होता. एकही होडी बाहेर नव्हती. मी यांना बोलले नाही. पाना अंगावर पडला असता तरी निमूट सोसला असता बहुतेक." एवढं बोलून ती संगिताकडे वळली. "चहा आत्ता घेणार की चढून आल्यावर?"

हरिशेट म्हणाले, गाठी सुरीने कापू, तुला वर जायची काय गरज. लहान्याने नाही म्हणून मान हलवली. त्यांनी पुन्हा म्हटलं नाही. फक्त कपाटातून दोन बेल्ट काढले. हे बेल्ट त्यांनी कधीचे आणून ठेवलेले, लहान्याने बावीस वर्षांत एकदाही कमरेला लावले नव्हते.

"मला नको."

"बेल्ट नाय तर मी नाय," संगिता म्हणाली. "आणि मी नाय तर तू पण नाय."

लहान्याने बेल्ट लावला. हरिशेट हसले नाहीत. खरं तर त्यांना हसू येत होतं.

बाप पुढे, पोरगी मागे. प्रत्येक सांध्याला बेल्टचा आकडा अडकवायचा, मग हात मोकळे करायचे. लहान्याने पहिल्या गाठीवर हात ठेवला आणि डोळे मिटले. उघडे ठेवून काही फायदा नव्हता. बोटांना गाठ पाठ होती, कुठला पदर आधी, कुठला नंतर. सुटलेली दोरी तो खांद्यावर टाकत गेला. त्याच सांध्यावर खालून येऊन संगिता आपली दोरी बांधत गेली. तिची गाठ वेगळी होती. फुग्यांच्या पोत्यांची तोंडं बांधतात तसली. चौथ्या सांध्यावर लहान्याने ती चाचपून बघितली.

"ही कसली?"

"माझी."

त्याने एक हिसका देऊन बघितला. सुटली नाही. पुढे गेला.

सगळ्यात वरची अकरावी गाठ सुटेना. मिठाने कडक झाली होती. लहान्याने ती दातात धरली, थुंकीने ओली केली, नखाने उकरली. टॉवर वाऱ्यावर हलत होता आणि तो हलण्याबरोबर हलत होता, कधीच न थांबलेल्या सवयीने. खाली हरिशेट मान वर करून उभे. हिरकणीकाकीने फोडींचं फडकं ओढून पार कुंपणापर्यंत नेलं होतं. बऱ्याच वेळाने पदर सैल झाला. लहान्याने दोरी हातात घेतली आणि एक पायरी खाली सरकून कडेला झाला.

संगिता वर गेली. आधी टेप बघितली, मग तुकडे सोडून एकमेकांना लावले आणि बापाने शिकवलं तसं वितीनेही मोजलं. लांब मागे, आखूड पुढे. नट घट्ट केले, पाना कमरेला दोरीने बांधलेला. शेवटची गाठ मारली.

खालून सवयीने हाक आली, "काय दिसतं रे?"

लहान्याच्या तोंडात उत्तर तयार होतं. गड, होड्या. त्याने ते गिळलं.

"मला काय नाय दिसत, हरिशेट," तो म्हणाला. "तिला विचारा."

हरिशेटनी खालून पुन्हा हाक दिली. "संगिता, काय दिसतं गं?"

तिने चहूकडे नीट बघितलं. घाई केली नाही.

"तुमची मागची दोन कौलं फुटलीत," ती म्हणाली. "आणि काकींच्या फोडींवर कावळा बसलाय."

हिरकणीकाकी कुंपणाकडे पळाली. लहान्या अकरा दोऱ्या खांद्यावर घेऊन एकेक पायरी पायाने चाचपत उतरायला लागला.