चालना निधीतला एक रोजगार

सदर इसम, यतीन मुरलीधर खानझोडे, मूळ राहणार नागपूर, हा अणुकचरा सफाईसाठी ब्रिटिश सरकारने दिलेल्या आर्थिक चालना निधीतून निर्माण झालेला एक रोजगार आहे. पूर्णवेळ. स्थिती: कार्यान्वित.

निर्माण होण्यापूर्वी चार वर्षं तो त्याच खुर्चीवर बसून तेच काम करत होता, ही गोष्ट वेगळी. ब्रिस्टलच्या पलीकडे एक बंद अणुभट्टी होती. तिथल्या तळघरांतला जुना कचरा उपसून काँक्रीटच्या पेट्यांत भरायचा. पेट्यांची कायमची जागा अजून ठरायची होती, म्हणून त्या तात्पुरत्या ठेवल्या होत्या, शंभरेक वर्षांसाठी. यतीनही तात्पुरताच. वर्क परमिट याच कंपनीपुरतं. कंपनी सुटली की देश सुटला.

मंदीत हे काम गुंडाळायचं घाटत होतं, तेवढ्यात निधी आला. अट एकच: मार्चअखेर संपला पाहिजे. चाळीस वर्षं निवांत पडलेल्या कचऱ्याची एकाएकी घाई झाली. रजा बंद.

यतीनची बायको कस्तुरी तिकडे लंडनजवळ वॉटफर्डला राहायची, आणि तिचे दिवस मार्चअखेरच भरत होते.

"तुझ्या साहेबाला सांग, बाळाला फायनान्शियल इयर कळत नाही," ती फोनवर म्हणाली.

"सांगितलं. तो म्हणाला, काँग्रॅच्युलेशन्स."

"आणि रजा?"

"एप्रिलमध्ये. हवी तेवढी."

"मग मी एप्रिलपर्यंत मांडी घालून बसते."

"राजीनामा देऊ का?"

"वेडा आहेस? माझाही व्हिसा तुझ्याच शेपटीला बांधलाय. राहा तिथंच."

एका दुपारी कस्तुरीच्या शेजारणीचा, उल्काचा, ऑफिसात निरोप आला: कळा सुरू झाल्या, निघ. खुद्द साहेब "गो, गो!" म्हणाला. बाहेर पडताना प्रत्येकाला किरणोत्सर्ग तपासणाऱ्या मशीनमध्ये उभं राहावं लागे. यतीन उभा राहिला. मशीन बोंबललं.

"पँट कसली रे, माय लव्हर?" गेटवरच्या जॅनेटने विचारलं. ब्रिस्टलकडे हे सर्वांनाच म्हणतात. यतीनला सवय झाली होती, कस्तुरीला नव्हती.

"टेरीकॉट. सीताबर्डीवर शिवलेली."

"तरीच. हवेतच रेडॉन नावाचा किरणोत्सर्गी वायू असतो, तो असल्या कापडाला चिकटतो. आपल्या कचऱ्याचा काही संबंध नाही. दोन-तीन तासांत आपोआप जाईल. बस."

"अगं, बायको बाळंत होतेय! पँट इथेच ठेवून जातो. ओव्हरऑल दे एखादा."

"संपलेत. निधीतून ऑर्डर गेलीय."

मशीन गप्प झाल्याशिवाय गेट उघडत नसे. यतीन प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला, उठला, मशीनमध्ये शिरला, पुन्हा बसला. जॅनेटने त्याला चहा दिला, बिस्किटं दिली, आपल्या तीन बाळंतपणांची हकीकत सांगितली.

घटनेची रीतसर नोंद झाली: बाधा नाही, विलंब नगण्य.

इंग्लंडात बापाला कापायला देतात ती नाळ उल्काने कापली.